बडोद्यात घर घ्यायचंय? पळापळ टोकनच्या आधी करा, टोकन देताना नको

सध्या बडोद्यात घर शोधायला निघालेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. फ्लॅट बघून झाला, तुम्हाला आवडलाय हे दलालाने तुमच्या चेहऱ्यावरून ओळखलं, की लगेच सुरू, "बीजी पार्टी तैयार छे, सांजे टोकन आपवानी छे." म्हणजे दुसरी पार्टी तयार आहे, संध्याकाळी टोकन (सौदा धरून ठेवायची आगाऊ रक्कम) देणार आहे. कधी ते खरं असतं, कधी नसतं. पण मांजलपूर, वासणा-भायली, जुना पादरा रोड, कारेलीबाग अशा भागात बरं रिसेल घर योग्य भावात आलं तर ते खरंच पटकन जातं, त्यामुळे "बघू, विचार करून सांगतो" म्हणणाऱ्याच्या हातून घर सुटतं आणि घाबरून त्याच संध्याकाळी टोकन देणारा कागदपत्रात अडकतो. दोन्ही प्रकारचे लोक आपल्या नात्यात असतातच.

यावर उपाय एकच. एखादं घर आवडलं की तुमच्याकडे फार तर तीन-चार दिवस असतात, त्या दिवसांत फक्त त्या एका घरापुरतं काम उरायला हवं, बाकी सगळं आधीच उरकलेलं हवं. लोन, वकील, एरिया, जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा, सगळं. म्हणून हे मी त्याच क्रमाने लिहितेय, एकही घर बघायला जायच्या आधीपासून.

आधी पैसे, आणि तेही पूर्ण हिशेबाने

बिल्डरच्या पाटीवर "५५ लाख" लिहिलं असेल तर घर ५५ लाखांत पडत नाही हे सगळ्यांना माहीत असतं पण नक्की कितीत पडतं ते शेवटी कळतं, आणि मग दागिन्यांवर हात जातो. गुजरातमध्ये स्टॅम्प ड्युटी ४.९% आहे आणि रजिस्ट्रेशन फी १%. म्हणजे ५५ लाखांच्या दस्तावेजावर (खरेदीखतावर) स्टॅम्प २,६९,५०० आणि रजिस्ट्रेशन ५५,०००. बांधकाम चालू असलेल्या स्कीममध्ये असाल तर वर ५% जीएसटी, म्हणजे आणखी २,७५,०००. (घर ४५ लाखांपर्यंतचं आणि कार्पेट (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर जीएसटी १% लागतो, बडोदा मेट्रो शहरांच्या यादीत नसल्यामुळे आपल्याला ९० ची मर्यादा आहे.) आता बँक किती देते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ९०% पर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८०% पर्यंत आणि त्यावर ७५% पर्यंत. आणि स्टॅम्प-रजिस्ट्रेशन साधारणपणे त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे ५५ लाखांवर लोन जास्तीत जास्त ४४ लाख, तुमचे ११ लाख, अधिक वरचे सहा लाख, झाले १७ लाख स्वतःचे तयार पाहिजेत, आणि अजून मेंटेनन्स डिपॉझिट, लाइट मीटर, वकील, फर्निचर यातलं काहीच धरलेलं नाही. ४४ लाखांचा २० वर्षांचा हप्ता ८.५% ने ३८,२०० च्या आसपास येतो. हे आकडे घरी सगळ्यांनी बसून कागदावर लिहा, आई-वडिलांसमोर, कारण शेवटी बरेचदा त्यांची एफडीच मोडायची असते.

एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम सांगते. गुजरातमध्ये दस्तावेज फक्त बाईच्या नावावर असेल, किंवा घेणाऱ्या सगळ्याच बायका असतील, तर ती १% रजिस्ट्रेशन फी माफ आहे. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की माफी गेली. लोनमध्ये नवरा को-अॅप्लिकंट राहू शकतो, त्यासाठी तो मालक असलाच पाहिजे असं नाही, बँकेला हे आधी विचारून घ्या. ५५,००० वाचतात आणि घरही बाईच्या नावावर होतं, मला तरी यात काही विचार करण्यासारखं वाटत नाही.

उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत असेल, देशात कुठेच पक्कं घर नसेल आणि ३५ लाखांपर्यंतचं घर घेत असाल तर पीएम आवास शहरी २.० मधली व्याजाची सबसिडी बघा, १.८० लाखांपर्यंत मिळते.

मग बँकेतून सँक्शन लेटर काढून ठेवा, घर पसंत पडायच्या आधी. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, तीन वर्षांचे रिटर्न, बँक स्टेटमेंट, हे दिलं की बँक तुमच्या कमाईवर किती लोन बसतं ते लिहून देते. हे पत्र म्हणजे गर्दीत तुमचं सगळ्यात मोठं बळ. विकणाऱ्याला दोन लाख जास्त देणाऱ्यापेक्षा ज्याचं लोन नक्की होणार असा माणूस बरा वाटतो, विशेषतः त्याने स्वतः पुढचं घर बुक केलेलं असेल तर. आणि क्रेडिट स्कोर आत्ताच बघा, जुन्या क्रेडिट कार्डाची कुठली बाकी अडकलेली असेल तर ती दुरुस्त व्हायला वेळ जातो.

वकील आधी ठरवा, घर नंतर

बरेच लोक बिल्डरचाच वकील वापरतात, किंवा बँक टायटल (मालकी हक्क) बघतेच ना मग आपण कशाला, म्हणतात. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते बघतो, तुमचे नाही. सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या कामातला, बडोद्याच्या जमिनी माहीत असलेला वकील शोधा, फी ठरवा आणि सांगून ठेवा की मी कागद पाठवले की दोन दिवसांत प्राथमिक मत हवंय. हे आधी बोलून ठेवलं असेल तरच तो दोन दिवसांत देतो, नाहीतर त्याच्या टेबलावर तुमची फाईल पंधरा दिवस पडून राहते आणि घर जातं.

एरिया : आधी नदी बघा

मी हे सगळ्यात वर ठेवते, शाळा आणि मॉल नंतर. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा, अकोटा, मुजमहुडा, फतेहगंज, हरणी, कारेलीबाग, वडसर, कलाली या भागांतल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, गाड्या बुडाल्या, लोक पहिल्या मजल्यावर अडकले. आजवा सरोवरातून पाणी सुटलं आणि वर पाऊस असला की नदी कुठे पसरते ते आता सगळ्यांनी पाहिलंय. याचा अर्थ त्या भागात घर घेऊच नका असा नाही, त्याच एरियात एक गल्ली बुडते आणि शेजारची कोरडी राहते. गल्ली बघायची असते.

आम्ही समाला एक डुप्लेक्स बघायला गेलो होतो, मामेभावासाठी. बाहेरून छान, किंमतही आजूबाजूपेक्षा कमी. आत गेल्यावर लक्षात आलं की खालच्या मजल्यावर नवीन रंग फक्त कमरेच्या थोडं वरपर्यंत आहे, वरचा रंग जुना. लाइटचे बोर्ड छातीच्या उंचीवर, तेही नवीन, आणि जुन्या बोर्डाच्या जागी खाली प्लास्टरचे चौकोन दिसत होते. किचनच्या ट्रॉल्या नव्या, वरची कपाटं जुनी. मालक म्हणाले रिनोव्हेशन केलंय. शेजारच्या काकी ओट्यावर बसल्या होत्या, त्यांना विचारलं तर त्यांनी हाताने दाखवलं, इथपर्यंत, आणि तीन दिवस. तेवढं पुरे होतं.

तेव्हा कुठल्याही ग्राउंड फ्लोअरला किंवा टेनामेंटला (बैठ्या स्वतंत्र घराला) हे बघा : मीटर किती उंचीवर आहेत, लिफ्टचा खड्डा, बेसमेंट पार्किंगच्या भिंतीवर रेघ आहे का, दाराच्या चौकटीचा खालचा भाग बदललाय का. आणि विचारायचं ते मालकाला किंवा दलालाला नाही, समोरच्या किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला, वॉचमनला. "२०२४ मां अहिया पाणी केटलुं आव्युं हतुं?" एवढंच विचारा, लोक स्वतःहून सगळं सांगतात. शक्य असेल तर एकदा धो-धो पावसात त्या रस्त्यावरून स्कूटर घेऊन जाऊन या.

गोरवा, छाणी, बाजवा, करोडिया या बाजूला बघत असाल तर रिफायनरी आणि मोठ्या केमिकल कंपन्या जवळ आहेत, रात्री जेवणं झाल्यावर एकदा जाऊन उभं राहून वास बघा. दिवसा काही कळत नाही.

आणि भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा ही गावं २०२० मध्ये कॉर्पोरेशनच्या हद्दीत आली, म्हणजे तिथल्या जुन्या स्कीमची परमिशन वुडाची (शहर विकास प्राधिकरणाची) किंवा त्याआधीची असू शकते. ड्रेनेज आणि नर्मदेच्या पाण्याची लाइन त्या गल्लीत प्रत्यक्ष आलीय का, की अजून बोअर आणि टँकर, ते विचारून घ्या. बुलेट ट्रेन आणि एक्स्प्रेसवेच्या नावावर आज जास्त भाव मागणारे बरेच आहेत, तुम्हाला रोज ऑफिसला जायचा रस्ता कोणता ते बघा.

कधी शोधायचं

दसरा-दिवाळी आणि अखात्रीजच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास बिल्डरकडे झुंबड असते. पितृपक्षात आणि कमुरत्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणपर्यंत, गुजराती पार्टी सहसा सौदा करत नाही. तुम्हाला घरच्यांचं याबाबतीत काही नसेल तर हेच दिवस सोन्याचे. घरं बघा, बोलणी करा, भाव ठरवा, आणि मुहूर्त पाहिजेच असेल तर दस्तावेज नंतर करा. डिसेंबर-जानेवारीत एनआरआय मालक पण इथे असतात, त्यांना परत जायच्या आधी घर विकून टाकायचं असतं, त्यामुळे ज्याचे पैसे तयार त्याचं चांगलं जमतं. मात्र एनआरआयकडून घेताना टीडीएसचा (किमतीतून कापून सरकारला भरायच्या टॅक्सचा) हिशेब पूर्ण वेगळा असतो, नेहमीच्या १% वर भागत नाही, बराच जास्त कापावा लागतो आणि तो कापायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणून टोकनच्या आधी सीएला भेटा. आणि कोणी पॉवर ऑफ अॅटर्नीवर विकत असेल तर ती परदेशातून नीट अटेस्ट होऊन आलीय का, भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत तिच्यावर स्टॅम्प भरलाय का आणि मुख्य म्हणजे देणारा माणूस आज हयात आहे का, व्हिडिओ कॉल लावून स्वतः बोला.

नवीन स्कीम घेत असाल तर

गुजरात रेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर स्कीमचं नाव टाका. रजिस्ट्रेशन नंबर मिळाला पाहिजे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि ८ पेक्षा जास्त युनिट असतील तर रेरा रजिस्ट्रेशनशिवाय जाहिरात करणं किंवा बुकिंग घेणं हेच बेकायदेशीर आहे, त्यामुळे "रेरा नंबर आल्यावर भाव वाढणार, आत्ता प्री-लाँचमध्ये दोन लाख भरून ठेवा" म्हणणाऱ्याच्या ऑफिसमधून उठून या. गर्दी दाखवून हेच केलं जातं, एका दिवसात इतके फ्लॅट गेले, हे बघा बोर्डवर लाल स्टिकर. साइटवर किती युनिट बुक झालेत ते बिल्डरने दर तिमाहीला भरायचं असतं, स्टिकर आणि तो आकडा जुळवून बघा.

साइटवर अजून काय बघायचं : पझेशनची तारीख (सेल्सवाला तोंडाने सांगतो ती नाही, तिथे लिहिलेली), मंजूर प्लॅन, जमिनीवर प्रोजेक्ट लोन आहे का, आणि तुमच्या फ्लॅटचा कार्पेट एरिया. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. समजा ब्रोशरमध्ये १,३५० फूट सुपर बिल्टअप (जिना-लिफ्ट-पॅसेजचा वाटा धरून) आणि किंमत ५५ लाख, भाव झाला फुटाला ४,०७४. रेराच्या कागदात कार्पेट ७२ चौरस मीटर, म्हणजे १०.७६४ ने गुणल्यावर ७७५ फूट, मग भाव पडला फुटाला ७,०९७. शेजारच्या स्कीममध्ये सुपर बिल्टअपचा भाव ४,३०० असेल पण कार्पेट जास्त देत असेल तर ती स्वस्त. दोन स्कीमची तुलना फक्त कार्पेटवर करा, वहीत एक कॉलम करून ठेवा, मग कुणी किती फिरवलं तरी फरक पडत नाही.

रजिस्टर्ड बानाखत (साठेखत, म्हणजे विक्रीचा करार) केल्याशिवाय बिल्डर १०% पेक्षा जास्त पैसे घेऊ शकत नाही. गिऱ्हाइकांच्या पैशातले ७०% वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात. पझेशन लांबलं आणि तुम्ही स्कीममध्ये राहिलात तर दर महिन्याचं व्याज, बाहेर पडलात तर व्याजासकट पैसे परत, आणि पझेशननंतर ५ वर्षांत स्ट्रक्चरमध्ये दोष निघाला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा. पण हे सगळं ज्याचा कागद आहे तेवढ्याच रकमेवर. म्हणून थोडे रोखीत द्या, दस्तावेज कमीचा करू, स्टॅम्प वाचेल हे जे सगळीकडे चालतं त्यात पडू नका. तुमचं लोन कमी बसतं, रोख दिलेल्याची पावती नसते, स्कीम अडकली तर ते पैसे कुठेच दिसत नाहीत, पुढे विकताना कागदावरची खरेदी किंमत कमी म्हणून टॅक्स जास्त. वर घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्यापेक्षा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. सगळं चेकने मागा. नाही म्हणाला तर दुसरी स्कीम. पूर्ण चेकवाले बिल्डर बडोद्यात आहेत, शोधावे लागतात.

जीएसटीचं एक लक्षात ठेवा. बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी) मिळून गेल्यावर पहिला रुपया दिला तर जीएसटी नाही. बीयूच्या आधी बुकिंगचे पैसे देऊन ठेवले तर लागतो. स्कीम तयार होत आलेली असेल तर दोन-तीन महिने थांबण्याने लाख-दोन लाख वाचतात, तोवर फ्लॅट राहील का हा प्रश्न वेगळा, पण निदान विचारा की बीयूचा अर्ज दिलाय का आणि त्याची पोच बघा.

छोट्या स्कीम, आठ फ्लॅट किंवा चार-सहा डुप्लेक्सच्या, रेरात येत नाहीत. तिथे पुढचं सगळं रिसेलसारखं तपासा.

रिसेल : कागद, आणि परत कागद

बडोद्यात चांगल्या जुन्या वस्तीत राहायचं म्हटलं की रिसेलच बघावं लागतं. पहिल्या भेटीतच मालकाकडे या गोष्टींचे फोटो मागा, संकोच करू नका, ज्याला खरंच विकायचंय तो देतो : त्यांचा दस्तावेज आणि त्याआधीच्या मालकांचे दस्तावेज, इंडेक्स-२ (नोंदणीचा उतारा), सातबारा किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, बिनशेतीचा हुकूम, रजा चिठ्ठी (बांधकामाची परवानगी) आणि मंजूर प्लॅन, बीयू, शेवटचं वेरा (घरपट्टी) बिल, लाइट बिल, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. सातबारा सरकारच्या एनीआरओआर साइटवर तुम्ही स्वतः काढून बघू शकता, इंडेक्स आणि जंत्री (सरकारने ठरवलेले जमिनीचे दर) सरकारच्याच गरवी साइटवर. वकील ३० वर्षांचा सर्च काढेल, सेरसाईवर (गहाणांच्या सरकारी नोंदीत) घर कुठे गहाण आहे का ते बघेल, आणि मग पेपरात जाहीर नोटीस द्यायची. गुजराती पेपरात द्या, आपल्या मराठी माणसाच्या घराचा सौदा असला तरी, कारण हरकत घेणारा कोण असेल ते माहीत नसतं.

अडकतं कुठे ते सांगते.

एक, सूचित सोसायटी. जुन्या बऱ्याच सोसायट्या अशा आहेत की जमीन अजून मूळ शेतकऱ्याच्याच नावावर आणि सोसायटी फक्त प्रस्तावित. लोक चाळीस वर्षं राहतायत, वेरा भरतायत, तरी टायटल कच्चं, बहुतेक बँका लोन देत नाहीत. स्वस्त का मिळतंय याचं उत्तर बरेचदा इथे असतं. तसंच सातबाऱ्यावर "नवी शरत" (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं तर प्रीमियम भरून ती जुनी केलीय का ते बघा.

दोन, अशांत धारा, म्हणजे दंगलीच्या भागांतल्या घर-विक्रीवरचा कायदा. शहराच्या बऱ्याच भागांना, विशेषतः जुन्या शहरात आणि त्याच्या आसपास, हा कायदा लागू आहे. तिथे कलेक्टरची परवानगी आल्याशिवाय दस्तावेज होत नाही, घेणारा-विकणारा कुठल्याही समाजाचे असले तरी अर्ज करावाच लागतो. यादीत नवीन भाग वाढत जातात म्हणून सध्याची यादी वकिलाकडून बघून घ्या, आणि बानाखताची मुदत ठेवताना हा वेळ धरा.

तीन, आणि हे आपल्याकडे फार होतं, वाडवडिलांचं घर. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागातली आपल्या लोकांची जुनी घरं, नंतर कारेलीबाग-मांजलपूरला घेतलेली टेनामेंट, आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, राहतायत धाकटे काका, विकतायतही तेच. एक आत्या पुण्याला, एक अमेरिकेत. "अहो त्यांचं काही नाही, त्या कधी मागणार नाहीत." मागणार नसतील, पण सही लागते. मृत्युपत्र नसेल तर मुलींचा हिस्सा मुलांइतकाच असतो. तलाठ्याकडचं पेढीनामं (वारसांची वंशावळ) मागा, त्यात जेवढी नावं तेवढ्या सह्या, किंवा रजिस्टर्ड हक्क कमीचा दस्त (हक्कसोडपत्र). नात्यातलं घर असलं, ओळखीतलं असलं तरी. ओळखीत तर जास्तच, नंतर लग्नकार्यात तोंड दाखवायचं असतं.

चार, वाढवलेलं बांधकाम. टेनामेंटवर मालकाने एक मजला चढवलेला असतो, मागे किचन वाढवलेलं असतं. मंजूर प्लॅनमध्ये जेवढं आहे तेवढ्यावरच बँकेचं व्हॅल्यूएशन होतं. इम्पॅक्ट फी भरून रेग्युलर केलं असेल तर तो हुकूम दाखवा म्हणा.

बोली आणि टोकन

आता तुमचं घर ठरलंय, आणि खरंच दुसरी पार्टी आहे. काय करायचं?

घरी ठरवलेला वरचा आकडा असतो, त्याच्यावर जायचं नाही, दलालाच्या गाडीत बसून तर नाहीच. हे फक्त संयमाचं नाही, गणित आहे. बँक बानाखतातली किंमत आणि स्वतःचं व्हॅल्यूएशन यातलं जे कमी त्यावर लोन देते. घराचं व्हॅल्यूएशन ६० लाख आलं आणि चढाओढीत तुम्ही ६४ ला घेतलं तर ते वरचे ४ लाख पूर्ण तुमच्या खिशातले, त्यावर एक रुपयाही लोन नाही. म्हणून बोली लावायच्या आधी त्याच बिल्डिंगमध्ये किंवा गल्लीत गेल्या वर्षभरात काय भावाने गेलं ते दोन-तीन ठिकाणी विचारा, इंडेक्सवर कागदावरचा आकडा दिसतो पण खरा भाव लोकांकडूनच कळतो.

पैशाशिवाय बऱ्याच गोष्टी देता येतात आणि त्याच बहुतेक लोक विसरतात. सँक्शन लेटर समोर ठेवा. पूर्ण चेकने देतो म्हणा, नोकरदार किंवा रिटायर्ड मालकाला हेच हवं असतं. त्यांना पुढच्या घराचं पझेशन यायला वेळ असेल तर दस्तावेजानंतर दोन महिने तुम्ही इथेच राहा, लेखी करून घेऊ, असं सांगा. मालकांना प्रत्यक्ष भेटा, दलालाच्या मार्फत नुसते आकडे फेकू नका. ज्यांनी त्या घरात मुलं वाढवलीयत त्यांना कोण राहायला येणार याची उत्सुकता असते, आणि बडोद्यात अजून तरी माणूस बघून घर देणारे लोक आहेत.

टोकन कमीत कमी रकमेचं, ऑनलाइन किंवा चेकने, मालकाच्या खात्यात, दलालाच्या नाही. सोबत एका पानावर लिहून सह्या : घराचा पत्ता, ठरलेली किंमत, आणि हे टोकन टायटल क्लिअर असण्याच्या आणि लोन मंजूर होण्याच्या अटीवर आहे, तसं न झाल्यास पूर्ण परत. हे एक वाक्य लिहायला मालक तयार नसेल तर त्याला काहीतरी माहीत आहे असं समजा. मग पंधरा दिवसांत बानाखत, त्यात मुदत, हप्ते, मुदतीत कोणी मागे फिरलं तर काय, वेरा-लाइट-मेंटेनन्सची बाकी कोणाची, कोणत्या वस्तू घरात राहणार (एसी, गीझर, झुंबर, मोटर, सगळं नावानिशी), सोसायटीची ट्रान्सफर फी कोण भरणार. बानाखत रजिस्टर करून घ्या.

घराची किंमत ५० लाख किंवा त्यावर असेल तर १% टीडीएस कापून तुम्हीच भरायचा असतो, मालकाचा पॅन घ्या आणि त्याला आधी सांगा, नाहीतर दस्तावेजाच्या दिवशी चेक कमी का म्हणून वाद होतो. किंमत जंत्रीपेक्षा कमी असेल तर स्टॅम्प जंत्रीवर लागतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये जंत्री वाढल्यापासून काही भागांत हा फरक दिसतो, तेव्हा आकडा आधीच काढून ठेवा.

दस्तावेज आणि त्यानंतर

दस्तावेजाचा ड्राफ्ट आदल्या रात्री नाही, चार दिवस आधी मागा. गुजरातीत असतो, वाचता येत नसेल तर घरातल्या इथे शिकलेल्या मुलाला मोठ्याने वाचायला लावा. नावांची स्पेलिंग आधारप्रमाणे, चतुःसीमा, फायनल प्लॉट नंबर, चौरस मीटर, पार्किंग, सगळं बानाखताशी जुळवा. मालकाचं लोन चालू असेल तर तुमची बँक थेट त्यांच्या बँकेला पैसे देईल आणि मूळ कागद तिकडून इकडे येतील, या कामाला दोन्ही बँकांच्या माणसांना एकाच दिवशी आणावं लागतं, ते आधी ठरवा.

किल्ली घ्यायच्या दिवशी सगळे नळ एकदम सोडून बघा, सगळ्या खोल्यांत लाइट लावा, गॅलरीत पाणी ओतून उतार बघा. मीटरचं रीडिंग आणि वेऱ्याच्या शेवटच्या पावतीचा फोटो काढा.

मग इंडेक्स-२ ची कॉपी काढा, वेरा बिल आणि एमजीव्हीसीएलचं लाइट कनेक्शन नावावर करा, सोसायटीत शेअर सर्टिफिकेट, गॅस. बँकेत मूळ कागद जमा केले की कोणते कोणते जमा केले त्याची सही-शिक्क्याची यादी घ्या, आणि त्या यादीची एक कॉपी घरात, एक भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. लोन फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने ते कागद परत द्यायचे असतात, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, आणि तेव्हा हातात ही यादीच लागते.